इन्क्लुड फाइल नेमकी कुठून शोधायची? व्हेरिलॉग लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हेरिलॉग किंवा सिस्टिमव्हेरिलॉग या डिजिटल सर्किटचं वर्णन लिहायच्या भाषांत प्रोजेक्ट करणाऱ्या नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी आणि या क्षेत्रात नुकतेच नोकरीला लागलेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कॉलेजच्या लॅबमध्ये छान चाललेलं डिझाइन बजाजनगरच्या रूमवर नेऊन उघडलं की कितीतरी वेळा पहिला निरोप येतो तो इन्क्लुड फाइल, म्हणजे कोडमध्ये जोडून घ्यायची दुसरी फाइल, सापडत नसल्याचा. त्यावर जो तो आपापला तोडगा काढतो, सबमिशन होतं आणि मूळ प्रश्न तसाच राहतो: शोध कुठून सुरू व्हायला हवा?

माझं मत आधीच सांगतो. इन्क्लुडमध्ये लिहिलेला सापेक्ष पाथ (कुठल्या तरी फोल्डरपासून मोजायचा अपुरा पत्ता) ज्या फाइलमध्ये लिहिला आहे तिच्या फोल्डरपासून मोजला पाहिजे. कमांड कुठे उभं राहून दिली, यावर डिझाइनचा अर्थ ठरू नये. आजची बरीच टूल्स असं वागत नाहीत, म्हणून खाली दोन्ही गोष्टी आहेत: काय व्हायला हवं, आणि तोवर आपण काय करायचं.

इन्क्लुड आणि मॉड्यूल शोधणं एकच का?

नाही. बॅकटिक लावून इन्क्लुड लिहिलं की प्रीप्रोसेसर त्या ओळीच्या जागी दुसऱ्या फाइलचा सगळा मजकूर आणून ठेवतो, आणि कंपायलर तो सलग वाचतो. मॉड्यूल, म्हणजे डिझाइनचा नाव दिलेला भाग, मिळवायचं तर त्याची फाइल यादीत द्यावी लागते, किंवा ‘डॅश वाय’ने लायब्ररीचं फोल्डर दाखवावं लागतं. व्हेरिलेटर या सिम्युलेटरवर शिकलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण तिथे डॅश वाय आणि इन्क्लुडची फोल्डरं दाखवणारे डॅश मोठा आय व प्लस-इन्कडिर या तिन्हींचा परिणाम जवळपास सारखाच आहे. दुसऱ्या टूलवर गेलात की हे दोन शोध वेगळे धरा.

सर, माझ्या लॅपटॉपवर तर चालते न, मग लॅबमध्ये ‘फाइल सापडत नाही’ असं कायले येते?

कारण तुम्ही दोन वेगळ्या फोल्डरांतून कमांड देता. समजा प्रोजेक्टमध्ये यूआर्टचं (सिरियल डेटा पाठवणाऱ्या-घेणाऱ्या सर्किटचं) ‘आरटीएल/यूआर्ट’ असं फोल्डर आहे. त्यात ट्रान्समीटरची फाइल आणि तिला लागणारी ‘यूआर्ट_डेफ्स’ नावाची हेडर फाइल शेजारी शेजारी आहेत. ट्रान्समीटरमध्ये तुम्ही दुहेरी अवतरणात नुसतं ‘यूआर्ट_डेफ्स’ लिहिलं. घरी टर्मिनल यूआर्टच्या फोल्डरमध्येच उघडलं होतं, म्हणून फाइल सापडली. लॅबमध्ये मेकफाइल (कमांडा चालवून देणारी फाइल) ‘सिम’ फोल्डरमधून चालते. तिथे ती हेडर नाही.

कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही, तरी उत्तर बदललं. ‘सापडत नाही’ ही चूक तरी लगेच दिसते. खरी भीती वेगळी आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मानकात काय लिहिलं आहे?

सिस्टिमव्हेरिलॉगचं मानक आयईईई १८००. त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत कलम २२.४ इन्क्लुडबद्दल आहे. नाव दुहेरी अवतरणात असेल आणि पाथ सापेक्ष असेल, तर कंपायलरची चालू वर्किंग डिरेक्टरी (कमांड जिथून दिली ते फोल्डर) आणि ऐच्छिक म्हणून वापरणाऱ्याने दाखवलेल्या जागा शोधायच्या. नाव कोनी कंसात असेल, तर भाषेच्या मानकाने ठरवलेल्या फाइली टूल जिथे ठेवतं तेवढीच जागा बघायची. पूर्ण पाथ दिला असेल, तर तीच फाइल घ्यायची, आणि असा पाथ फक्त अवतरणातच चालतो. एका इन्क्लुडच्या आत दुसरं, त्याच्या आत तिसरं अशा निदान १५ पातळ्या टूलने पेलल्या पाहिजेत.

इन्क्लुड लिहिणाऱ्या फाइलच्या स्वतःच्या फोल्डरचा या कलमात उल्लेखच नाही. वर्किंग डिरेक्टरी आधी की दाखवलेल्या जागा आधी, हेही ठामपणे बांधलेलं नाही. प्रत्येक टूल आपापल्या वाटेने गेलं, त्याचं मूळ मला या दोन मोकळ्या जागांत दिसतं.

पण सी भाषेत तर शेजारची फाइल आपोआप सापडते?

जीसीसी या सी कंपायलरमध्ये सापडते. अवतरणातलं नाव ते आधी चालू फाइलच्या फोल्डरमध्ये बघतं, नंतर डॅश मोठा आयने दिलेल्या फोल्डरांत, आणि शेवटी सिस्टिमच्या हेडरांत. सी भाषेचं मानक हा तपशील कंपायलरवर सोडतं, पण रूढ पद्धत हीच झाली आहे. सी शिकून व्हेरिलॉगकडे येणारा विद्यार्थी हीच अपेक्षा घेऊन येतो, आणि ती रास्त आहे.

मग कोणतं टूल नेमकं कसं वागतं?

मोफत मिळणारी आणि आपल्याकडे मुलं सर्रास वापरतात ती टूल्स घेऊ.

आयकॅरस व्हेरिलॉग हे सिम्युलेशनचं टूल मुळात वर्किंग डिरेक्टरी आणि तुम्ही दिलेली फोल्डरं एवढंच बघतं. चालू फाइलचं फोल्डर शोधाच्या सुरुवातीला हवं असेल, तर ‘डॅश जी’ला जोडून ‘रिलेटिव्ह-इन्क्लुड’ हा पर्याय द्यावा लागतो.

व्हेरिलेटर तुम्ही दिलेली फोल्डरं आधी बघतं आणि वर्किंग डिरेक्टरी त्यांच्या मागे ठेवतं. त्यातही ‘रिलेटिव्ह-इन्क्लुड्स’ नावाचा पर्याय आहे, पण तो आपण मागावा लागतो.

योसिस हे सिंथेसिसचं (कोडपासून सर्किट बनवायचं) टूल नाव जसंच्या तसं, म्हणजे वर्किंग डिरेक्टरीपासून, उघडून बघतं. नाही मिळालं तर चालू फाइलचं फोल्डर, आणि तरीही नाही तर डॅश मोठा आयची यादी.

स्लँग हा त्यामानाने नवा कंपायलर चालू फाइलच्या फोल्डरपासूनच सुरुवात करतो. ते नको असेल तर बंद करायचा पर्याय त्यात आहे. मला त्याची ही निवड योग्य वाटते.

या चौघांचा एकत्र विचार करा. वरचं यूआर्टचं उदाहरण ‘सिम’ फोल्डरमधून कोणताही पर्याय न देता चालवलं, तर योसिस ते सिंथेसाइझ करेल आणि आयकॅरस कंपाइलच करणार नाही. एकाच कोडचं सिंथेसिस होतं आणि सिम्युलेशन होत नाही, हे विद्यार्थ्याला कसं समजावून सांगायचं? तो आपला कोड तपासत बसतो, आणि कोडमध्ये चूक नसतेच.

तुमच्या मते शोध कोणत्या क्रमाने व्हावा?

पाथ पूर्ण असेल तर फक्त तीच फाइल. सापेक्ष असेल तर आधी इन्क्लुड लिहिणाऱ्या फाइलचं फोल्डर. तिथे नसेल तर ती फाइल ज्या लायब्ररीची किंवा आयपीची (तयार मिळणाऱ्या डिझाइन-भागाची) आहे, तिच्यासाठी जाहीर केलेली फोल्डरं, दिलेल्या क्रमाने. मग सगळ्या प्रोजेक्टसाठी दिलेली फोल्डरं. तरीही नाही मिळाली तर थांबायचं, आणि कुठे कुठे शोधलं ती सगळी यादी छापायची. वर्किंग डिरेक्टरी या रांगेत आपोआप असू नये. कोणाला ती हवीच असेल, तर त्याने यादीत टिंब लिहून ती स्वतः मागावी.

यामागचं कारण सविस्तर सांगतो, कारण पुष्कळांना हा निव्वळ सोयीचा प्रश्न वाटतो. सीताबर्डीजवळच्या झीरो माइलच्या खांबावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशी नावं आणि मैल कोरलेले आहेत. ते मैल त्या खांबापासूनचे आहेत; वाचणारा धंतोलीकडून आला की सदरकडून, त्याने आकडा बदलत नाही. सोर्स फाइलमधला पाथही कायमचा लिहून ठेवलेला असतो, मग तो मोजायची जागाही कायमची हवी. फाइल कुठे आहे हे ती लिहिणाऱ्याला माहीत असतं. ती दोन वर्षांनी कोण, कुठल्या फोल्डरमधून, कोणत्या स्क्रिप्टने चालवणार आहे हे त्याला माहीत असणं शक्य नाही.

आता ती मघाची भीती. यूआर्टच्या आयपीत ‘कॉन्फिग’ नावाची हेडर आहे आणि तिच्यात डेटाची रुंदी ८ बिट ठरवली आहे. एसपीआय या दुसऱ्या सिरियल जोडणीच्या आयपीतही ‘कॉन्फिग’ आहे, डिफाइनने ठरवलेल्या मॅक्रोचं नाव तेच आहे, आणि तिथे रुंदी १६ आहे. कमांड एसपीआयच्या फोल्डरमधून दिली, टूलने वर्किंग डिरेक्टरी आधी बघितली, आणि यूआर्टला एसपीआयची हेडर मिळाली. एकही चूक दाखवली जात नाही. यूआर्ट १६ बिटांचा होतो. पोर्टची रुंदी जुळत नसल्याचा इशारा आलाच, तर तो शेकडो इशाऱ्यांच्या ढिगात जातो. एफपीजीए (सर्किट भरता येणारी चिप) बोर्डवर टाकल्यावर टर्मिनलमध्ये कचरा दिसतो, आणि मग मुलं बॉड रेट (डेटाचा वेग) तपासत बसतात.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांच्या लक्षात येते. मानक लिहिणाऱ्यांना हा विचार अनोळखी नव्हता. व्हेरिलॉगच्या २००१ च्या आवृत्तीत कॉन्फिगरेशन आली आणि त्यांच्यासोबत लायब्ररीच्या फाइली कुठे आहेत ते सांगणारी लायब्ररी मॅप फाइल आली. तिथला नियम स्पष्ट आहे: स्लॅशने सुरू न होणारा पाथ, ती मॅप फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून मोजायचा. इतकंच नाही, तर प्रत्येक लायब्ररीच्या जाहीरनाम्यात तिचं स्वतःचं इन्कडिर लिहायची सोय व्याकरणातच आहे. मी वर मागतो त्यातल्या दोन्ही महत्त्वाच्या गोष्टी मानकाच्या एका वेगळ्या प्रकरणात आधीपासून आहेत. त्या फक्त इन्क्लुडच्या कलमापर्यंत आलेल्या नाहीत.

हेडर बदलून चाचणी करायची असेल तर? शेजारची फाइल आधी घेतली तर ते जमणार नाही.

या आक्षेपात तथ्य आहे. टेस्टबेंचसाठी (डिझाइनची चाचणी घेणाऱ्या कोडसाठी) वेगळं कॉन्फिग असलेलं फोल्डर यादीत आधी द्यायचं, म्हणजे मूळ हेडरऐवजी ते उचललं जातं, ही पद्धत अनेक ठिकाणी वापरात आहे. शेजारची फाइल आधी बघायची ठरवली तर हा मार्ग बंद होतो, जर मूळ हेडर सोर्सच्या शेजारी असेल तर.

उपाय ‘जर’मध्येच आहे. जी हेडर बदलता यावी असं वाटतं, ती सोर्सच्या शेजारी ठेवूच नका. तिला वेगळं फोल्डर द्या आणि ते इन्कडिरच्या यादीतूनच मिळू द्या. जी बदलायची नाही ती शेजारी. फोल्डरांची रचना बघूनच कळतं की काय बदलण्यासाठी आहे आणि काय नाही. एखाद-दुसरा आकडाच बदलायचा असेल, तर कमांडवर प्लस-डिफाइन किंवा मॉड्यूलला पॅरामीटर पुरतो.

इन्क्लुडच्या आतल्या इन्क्लुडचं काय?

जिच्यात ती ओळ लिहिली आहे, त्या फाइलचं फोल्डर. सर्वांत वरच्या फाइलचं नाही. मायक्रोसॉफ्टचा सी कंपायलर आधी चालू फाइलचं आणि मग तिला बोलावणाऱ्या फाइलींची फोल्डरं उलट क्रमाने बघत जातो. हार्डवेअरच्या भाषांत ती प्रथा आणू नये असं मला वाटतं, कारण मग एकच हेडर कोणी बोलावली यावरून तिचा अर्थ बदलू लागतो.

प्लस-इन्कडिरचा क्रम बदलला तर फरक पडतो का?

पडतो. यादीतल्या पहिल्या फोल्डरमध्ये नाव जुळलं की शोध थांबतो. एकाच प्लस-इन्कडिरमध्ये अधिकचं चिन्ह घालून अनेक फोल्डरं जोडता येतात, त्यांनाही हाच नियम.

खरी अडचण अशी की ही यादी बहुतेक टूल्समध्ये त्या कमांडमधल्या सगळ्या फाइलींना एकच लागू होते. इंटरनेटवरून घेतलेल्या दोन आयपींत ‘डिफाइन्स’ नावाची हेडर असली, की क्रम कसाही लावा, एकीला चुकीची मिळणार. फ्यूजसॉक आणि बेंडर यांसारखी पॅकेज सांभाळणारी टूल्स प्रत्येक आयपीची इन्क्लुड फोल्डरं वेगळी नोंदवायला लावतात, ही चांगली सवय आहे. पण शेवटी ती ज्या सिम्युलेटरला यादी देतात, त्यानेही हा वेगळेपणा पाळला पाहिजे.

आज हातात असलेला खात्रीचा उपाय नावाचा आहे. हेडरच्या नावात आयपीचं नाव घाला: नुसतं ‘डिफाइन्स’ नको, ‘यूआर्ट_डिफाइन्स’. त्याहून चांगलं म्हणजे इन्क्लुड फोल्डरच्या आत आयपीच्या नावाचं फोल्डर करा आणि कोडमध्ये ‘यूआर्ट/डिफाइन्स’ असा पाथ लिहा. इन्कडिरमध्ये बाहेरचं इन्क्लुड फोल्डर द्या. वर सांगितलेल्या चारही टूल्सवर हे चालतं, कोणताही खास पर्याय न देता.

हेडरला गार्ड लावला की ती दोनदा येण्याचा प्रश्न सुटतो न?

तीच फाइल दोनदा येण्याचा सुटतो. सिस्टिमव्हेरिलॉगच्या मानकात सीवाल्यांचं प्राग्मा वन्स नाही, त्यामुळे इफएनडेफचा गार्ड, म्हणजे हेडर एकदाच आत येऊ देणारी अट, लागतोच. पण गार्डचं नावही वेगळं हवं. दोन वेगवेगळ्या हेडरांत ‘डिफाइन्स_व्हीएच’ हाच गार्ड असेल, तर पहिली आत येते आणि दुसरी पूर्ण गाळली जाते, तीही निमूटपणे.

शिवाय अनेक फाइली एकाच कंपायलेशन युनिटमध्ये, म्हणजे एकत्र कंपाइल होणाऱ्या गटात, घेतल्या, की पहिल्या फाइलमधले मॅक्रो पुढच्या फाइलींत दिसत राहतात. मग एखाद्या फाइलमध्ये इन्क्लुड लिहायचं राहिलं तरी चालतं, कारण आधीच्या फाइलने ते केलेलं असतं. यादीचा क्रम बदलला किंवा प्रत्येक फाइल स्वतंत्र युनिट धरली, की ते बिंग फुटतं. जिथे मॅक्रो वापरता त्या प्रत्येक फाइलमध्ये इन्क्लुड लिहा.

यूव्हीएमचं (चाचणीसाठीच्या तयार लायब्ररीचं) पॅकेज इम्पोर्ट केलं, तरी मॅक्रोची फाइल इन्क्लुड का करावी लागते?

मॅक्रो हे प्रीप्रोसेसरचे असतात. पॅकेज ही संकल्पना त्यानंतरच्या टप्प्यात येते, म्हणून इम्पोर्टने मॅक्रो येत नाहीत. यूव्हीएमच्या सोर्सचं फोल्डर इन्कडिरमध्ये द्या आणि ‘यूव्हीएम_मॅक्रोज’ अवतरणात इन्क्लुड करा. कोनी कंस वापरू नका. ते भाषेच्या मानकातल्या फाइलींसाठी राखलेले आहेत, तुमच्या किंवा यूव्हीएमच्या फाइलींसाठी नाहीत.

मग सगळं पॅकेजमध्येच टाकलं तर?

जेवढं टाकता येईल तेवढं जरूर टाका. स्थिरांक, टाइपडेफ, एनम, फंक्शन यांची जागा पॅकेजच आहे. पॅकेज नावाने सापडतं, पाथने नाही, त्यामुळे हा सगळा वाद तिथे उरत नाही. व्हीएचडीएल या दुसऱ्या हार्डवेअर भाषेत मजकूर चिकटवणारं इन्क्लुड कधी नव्हतंच. १९८७ च्या पहिल्या मानकापासून तिथे लायब्ररी आणि यूज आहे. सिस्टिमव्हेरिलॉगमध्ये मॅक्रो आणि त्यांवर चालणारं सशर्त कंपायलेशन एवढ्यासाठी हेडर उरते, आणि तेवढीच उरावी.

कमांडला फाइल-यादी देताना छोटा एफ की मोठा एफ?

व्हेरिलेटरमध्ये छोट्या एफने दिलेल्या यादीतले पाथ वर्किंग डिरेक्टरीपासून मोजले जातात, आणि मोठ्या एफने दिलेल्या यादीतले त्या यादीच्या स्वतःच्या फोल्डरपासून. दुसऱ्याला द्यायच्या आयपीसाठी मोठा एफ. तुमच्या टूलमध्ये या दोन अक्षरांचा अर्थ हाच आहे का, ते मात्र मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

पूर्ण पाथ लिहून मोकळं व्हावं का?

नाही. त्यात तुमच्या मशीनवरचं तुमच्या नावाचं फोल्डर येतं, आणि ते दुसऱ्या कोणाकडेच नसतं.

विंडोजवर चालतं आणि लिनक्सवर नाही, असं का?

बहुतेक वेळा नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांमुळे. विंडोज तो फरक सहसा धरत नाही, लिनक्स धरतं. पाथमध्ये नेहमी पुढे झुकलेली स्लॅश वापरा.

मेमरीची हेक्स फाइलही इन्कडिरमध्ये शोधली जाते का?

त्या भरवशावर राहू नका. हेक्स फाइल वाचून मेमरी भरणारं रीडमेमएच हे सिस्टिम टास्क आहे. ते सिम्युलेशन सुरू झाल्यावर चालतं, आणि तेव्हा सापेक्ष पाथ सर्वसाधारणपणे सिम्युलेटर ज्या डिरेक्टरीत चालू आहे तिथून मोजला जातो. व्हिवाडोसारखी खिडक्यांवाली टूल्स सिम्युलेशनसाठी प्रोजेक्टच्या आत खोलवर स्वतःचं फोल्डर तयार करतात, त्यामुळे ‘फाइल शेजारीच तर आहे’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. टेस्टबेंचमध्ये फाइलचं नाव प्लसआर्गने (सिम्युलेशनला कमांडवर दिलेल्या मूल्याने) घ्या, मॉड्यूलमध्ये स्ट्रिंग पॅरामीटर ठेवा, आणि पाथ कमांडवरून द्या.

टूलने नक्की कोणती फाइल उचलली, हे कसं कळेल?

आयकॅरस आणि व्हेरिलेटर दोन्हींत ‘डॅश मोठा ई’ने फक्त प्रीप्रोसेसिंग करून घेता येतं. व्हेरिलेटरच्या मजकुरात लाइन डायरेक्टिव्ह असतात, त्यांत प्रत्येक तुकडा कोणत्या फाइलमधून आला ते दिसतं. आयकॅरसमध्ये ‘डॅश मोठा एम’ देऊन कंपाइलमध्ये सामील झालेल्या फाइलींची यादी वेगळ्या फाइलमध्ये लिहून घेता येते. ‘कॉन्फिग’ दोन ठिकाणी असल्याचा संशय आला, तर हे आधी करा, वेव्हफॉर्म नंतर उघडा.

यात टूल बनवणाऱ्यांकडून मला एक गोष्ट हवी आहे: एकाच नावाच्या दोन फाइली शोधाच्या वाटेवर असतील, तर टूलने तसा इशारा द्यावा आणि कोणती घेतली ते सांगावं. जुन्या प्रोजेक्टचं वागणं न बदलता हे आजच करता येतं.

सबमिशनच्या आधी एक चाचणी करायची तर कोणती?

प्रोजेक्टचं फोल्डर दुसऱ्या ठिकाणी कॉपी करा, मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, आणि कॉपी केलेलं डिझाइन दोन वेगळ्या डिरेक्टरींतून कंपाइल करून बघा: एकदा प्रोजेक्टच्या मुळातून, एकदा पूर्णपणे बाहेरून, मेकफाइलला पाथ देऊन. दोन्ही वेळा प्रीप्रोसेस केलेला मजकूर काढा आणि फरक तपासा. लाइनच्या ओळींतले पाथ वेगळे दिसतील, ते सोडून द्या. बाकी मजकुरात फरक आला, तर कोणत्या तरी इन्क्लुडचं उत्तर वर्किंग डिरेक्टरीवर अवलंबून आहे. फरक जिथे सुरू होतो त्याच्या लगेच वरची लाइनची ओळ बघा, ती फाइल तिथेच सापडेल.